पाइपातले दोन ठोके

बालाघाटहून किरनापुरकडे जाताना डाव्या हाताला उसना, म्हणजे उकड्या तांदळाची एक मिल लागते. तिथला बॉयलर बावीस वर्षं चैतरामच सांभाळतो. त्याचा हात कधी चुकत नाही, असं लोक म्हणत, आणि तोही ऐकून घेई.

मिलचा एक रिवाज होता. धान भिजवायच्या टाकीत वाफ सोडण्याआधी बॉयलरवाल्यानं पाइपावर पान्यानं तीन ठोके द्यायचे. टाकी धुवायला कोणी आत उतरलं असेल, तर त्यानं उलट दोन ठोके द्यायचे. मग वाफ सोडायची नाही.

गेल्या साली मिलमधला मजूर डोमाजी टाकी धुवायला आत उतरला असताना वाफ सुटली आणि तो भाजून मेला. "म्या ठोकलंतं, जवाबच नाई आला," चैतराम छाती बडवून सांगत राहिला. चौकशीच्या साहेबांनीही मान डोलावली. पाइपात पाणी नि वाफेचे बुडबुडे मिसळले की आवाज रांगत जातो, कधी वाटेतच विरतो, आणि मधल्या रबरी जोडामुळं लोखंडातूनही पोचत नाही. चैतराम सुटला. खरं म्हणजे त्या दिवशी त्यानं ठोकलंच नव्हतं. जेवायची घाई होती, एवढंच.

आता डोमाजीच्या जागी त्याचा पोरगा वीरेंद्र लागला होता. एका दुपारी तो म्हणाला, "काका, पाइपात वाफेचे बुडबुडे भरा अन् ठोका. मी टाकीचं झाकन उघडून कान लावून पाह्यतो. आवाज किती उशिरा येते, थे तरी समजन."

चैतरामला ते नको होतं. पण नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

"हौ बेटा."

वीरेंद्र गेला. चैतरामनं थोडा वेळ थांबून जराशी वाफ सोडली. पाइप गुरगुरला. त्यानं तीन ठोके दिले आणि मनात आकडे मोजू लागला.

सातव्या आकड्याला दोन ठोके आले. एक जोराचा, एक हलका.

पोरगं उलट ठोकतंय, म्हणून त्याला बरं वाटलं. तेवढ्यात वीरेंद्र दारात उभा.

"काका, टाकीच्या झाकनाले कुलूप हाये. चाबी कोनापाशी हाये?"

चैतरामनं झटक्यात वाफ बंद केली. तरी पुन्हा दोन ठोके आले.

वीरेंद्रनं पाइपाला कान लावला. "बाबाच असे ठोकत," तो म्हणाला. "पयला जोरात, दुसरा हळू." मग त्यानं मान वर केली. "ठोकलं का जवाब येते, काका. मंग त्या दिवशी काहून नाई आला?"

चैतराम पाइपाकडे बघत म्हणाला,

"नाई ठोकलं, बेटा. म्या ठोकलंच नाई."

 वीरेंद्रनं चैतरामच्या हातातला पाना काढून घेतला.

पाइप शांत झाला.

मग आतून ठोके आले. सावकाश, मोजून. तीन.

उलट दोन ठोके द्यायला चैतरामनं पान्यासाठी हात पुढे केला. वीरेंद्रनं दिला नाही.