विरळ हवेतले घोडे

पुण्यात भल्याभल्या गाड्यांना मागे टाकणारी जीप त्या दिवशी एका चढावर अडून बसली. का बरं अडली असेल?

हिमालयातल्या एका उंच पठारावर शास्त्रज्ञांची वसाहत होती. तिथल्या बोचऱ्या वाऱ्यात उभी राहून शर्वरी जीपमागून निघणारा काळाकुट्ट धूर बघत होती. जीप चालवत होते तिचे आजोबा, डॉ. त्र्यंबक आगाशे. इंजिनांच्या संशोधनात त्यांची उभी हयात गेली होती आणि ही जीप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण आज त्यांचा खरा जीव वर अडकला होता. माथ्यावरच्या वेधशाळेत त्यांची लेक, म्हणजे शर्वरीची आई मंदाकिनी, उंचीच्या आजाराने पडली होती. तिच्या फुप्फुसांत पाणी भरत होतं. लवकर खाली आणलं तरच ती वाचणार होती. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं आणि वसाहतीतली विजेवरची गाडी सामान आणायला दूर गेली होती.

आजोबांनी जीप कशीबशी मागे घेतली. "गडी, इंधन वाढव अजून!"

गडी हा वसाहतीतला दुरुस्ती करणारा यंत्रमानव. तो जागचा हलला नाही. "सकाळीच वाढवलंत, साहेब. ते जळत नाहीये. नुसता धूर होतोय."

"अरे, दीडशे अश्वशक्तीचं इंजिन आहे हे!" (अश्वशक्ती म्हणजे इंजिन किती झपाट्याने काम उरकतं त्याचं माप.)

"ते पुण्यात मोजलेलं. इथे जेमतेम नव्वद भरेल."

"मग बाकीचे घोडे गेले कुठे?" शर्वरीने विचारलं.

आजोबा खाली उतरले. दोन पावलांतच त्यांना धाप लागली आणि ते बॉनेटला टेकून उभे राहिले.

"शरू, चुलीत लाकडं कोंबली आणि वारा लागू दिला नाही, तर काय होतं?"

"धूर होतो."

"तेच झालंय. इंजिनात सिलिंडर असतो (एक पोकळ नळा, त्यात दट्ट्या खालीवर होतो). दट्ट्या खाली आला की हवा आत ओढली जाते. त्या हवेतल्या प्राणवायूवर इंधन जळतं. नळा पुण्यात होता तेवढाच आहे, पण इथली हवा विरळ. दर घोटाला प्राणवायू कमी मिळतो. मग इंधन कितीही ओता, जळणार कशावर?" त्यांनी कपाळावर हात मारला. "वर्षानुवर्षांची सवय! ताकद कमी पडली की इंधनाचा स्क्रू पिळायचा. घाबरलो आणि तेच करून बसलो."

शर्वरीने शेडकडे बोट दाखवलं. तिथे आणीबाणीसाठी ठेवलेली एक बुटकी व्हॅन होती. "आणि ती?"

"तिचं इंजिन एकशेदहाचंच. टर्बोचं. उसन्या बळावर उड्या मारणारं."

"टर्बो म्हणजे?"

"टर्बोचार्जर. एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने एक फिरतो. त्याच्याबरोबर दुसराही फिरतो आणि बाहेरची हवा दाबून, दाट करून सिलिंडरमध्ये कोंबतो."

"म्हणजे इथेसुद्धा इंजिनाला जवळजवळ पुण्याइतकीच हवा मिळते? मग ते बळ उसनं कसं, आजोबा? धूर तर त्याचा स्वतःचाच. तुमची जीप तो वाया घालवते."

आजोबा शेडकडे वळले आणि त्यांनी दार उघडलं.

गडी मागे बसता बसता म्हणाला, "साहेब, वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची तुमची खोड इथे नको. धूर कमी झाला की पंखा मंदावतो. ताकद परत यायला वेळ लागतो."

शर्वरी खालीच थांबली. व्हॅन चढाला लागली. जीप अडली होती त्याच वळणावर तिचा आवाज बसला, चाकांखालची खडी घरंगळली. "पाय सोडू नका, पाय सोडू नका," शर्वरी पुटपुटत राहिली. आवाज पुन्हा चढला. व्हॅन वळणाआड गेली आणि मागे वाट तेवढी राहिली.

किती वेळ गेला ते तिला कळलंच नाही. व्हॅन परतली तेव्हा आईच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि ओठ निळे पडले होते. शर्वरी आत शिरून तिचा हात धरून बसली. व्हॅन तशीच पुढे दरीत उतरत गेली. जसजशी हवा दाट झाली, तसतशी आईच्या छातीची घरघर उतरली. दरीतल्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, "आता काळजी नाही." तेव्हा कुठे आजोबा भिंतीशी बसले आणि लहान मुलासारखे रडले.

शर्वरी त्यांना खेटून बसली.

"आजोबा, इंजिनाला हवा दाबून देता येते. मग माणसांना?"

"येते की. रुग्णाला आत निजवून हवा भरायच्या पिशव्या मिळतात. आपण वर एकही ठेवली नव्हती."

"पिशवी नको. अख्खी वेधशाळाच तशी बांधायची. वीज करणाऱ्या यंत्राचा धूर वाया जातोच ना? त्यानेच पंखा फिरवायचा."

आजोबांनी डोळे पुसले आणि तिचं म्हणणं मनात नीट तपासून पाहिलं. "भिंती फार मजबूत लागतील. आतली दाट हवा निसटू नये म्हणून दाराला दार, मध्ये छोटी खोली..."

"शरू," पलीकडच्या खाटेवरून आईचा क्षीण आवाज आला, "त्यात माझ्या दुर्बिणीलाही जागा ठेव हं. मला परत वर जायचंय."