सोडलेली सम

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, मांडीवर तबला-डग्ग्याची पिशवी घेऊन. माझ्या मांडीवर व्हायोलिनची पेटी. वाद्य खाली ठेवायला दोघंही तयार नव्हतो.

"कंडक्टर चार तिकिटं फाडंल बघा," तो म्हणाला.

मला हसू येईना. आजवर मी गवयांची साथच केली होती. आज पहिल्यांदा एकल वादन होतं, आणि ऐकायला पुण्याच्या महोत्सवाचे संयोजक येणार होते. बोटं पेटीवर ताल धरत होती.

"तीनताल ना? लई पळवून राहिलात."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच न्हाई. पण संध्याकाळी तुमच्या साथीला मीच हाय. अमरेश."

आणि मेला डोळ्यांत बघून हसला!

दिवेलागणीला मी मारवा लावला. तो राग आधीच जिवाला स्वस्थ बसू देत नाही. द्रुत लयीत एक लांबलचक तान घेतली आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले – एक मात्रा आधी! आता तबला मागे राहणार, सगळ्यांना कळणार... पण त्यानं आपली एक मात्रा गिळली आणि माझ्याबरोबरच सम दिली. ठेका लंगडला. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली, जणू चूक त्याचीच.

मैफल संपल्यावर संयोजक म्हणाले, "सुकन्या, डिसेंबरात पुण्याला या. तबलजी मात्र आम्ही देऊ. हा समेवर गडबडतो."

अमरेश तिथंच तबला गुंडाळत होता. मी नुसतं 'हो' म्हटलं, की पुणं माझं होतं.

"गडबडले मी," मी म्हणाले. "त्यानं सांभाळून घेतलं."

त्यांनी डायरी मिटली. "मग... पुण्याचं पुढं कधीतरी बघू."

बाहेर येताच अमरेश उखडला. "येडी हायेस का? गेलं ना पुणं?"

"गेलं." मला रडू फुटलं. "पण तू का सोडलीस तुझी सम?"

तो पिशवीची नाडी उगाच सोडत-बांधत राहिला.

"तुला एकटीला सोडवलं न्हाई... म्हणून."

मी त्याचा हात धरला. बोटांना अजून तबल्यावरची पावडर होती.

"मैफलीत पुन्हा चुकले, तर खुशाल सोड मला," मी म्हणाले. "एरवी मात्र – सोडू नकोस."

"हाव, न्हाई सोडत," तो म्हणाला.