कृपया हँडब्रेक लावू नका

डिसेंबरची सकाळ, बोटं बधिर करणारी थंडी आणि माझ्या गाडीच्या मागे आडवी उभी असलेली एक लाल गाडी. नंबर एमएच दहा, म्हणजे थेट सांगलीची! पण सांगलीचं कौतुक करायला मला वेळ कुठे होता? गाझियाबादच्या शाळेत माझा पहिला तास आठ चाळीसला असतो, आणि आठ वाजून गेले होते.

दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत घरं एकशेवीस आणि गाड्यांना जागा साठ. म्हणून इथे गाडीच्या मागे गाडी लावतात. रीत एकच – मागे लावणाऱ्याने गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, हँडब्रेक लावायचा नाही. ज्याला बाहेर पडायचं असेल तो ती ढकलतो, आपली गाडी काढतो आणि जातो. माझी आई साठी उलटलेली, पण तीही ओढणी कमरेला बांधून ढकलते.

मी दोन्ही हात लावून जोर केला. गाडी ढिम्म.

"ये किसकी गाड़ी है भाई?" मी ओरडले.

तिसऱ्या मजल्यावरून एक जण धावत आला. स्वेटर उलटा, पायात रबरी चपला, तोंडात टूथब्रश.

"काय सकाळी सकाळी कटकट..." तो पुटपुटला.

"कटकट तुमची आहे, माझी नाही. हँडब्रेक काढा आधी!"

तो बघतच राहिला. "तुम्ही... मराठी?"

"गाव नंतर विचारा. गाडी!"

त्याने घाईघाईने हँडब्रेक काढला. "बाबांनी शिकवलंय हो, गाडी बंद केली की तो लावायचाच. नाही लावला तर मला झोप लागत नाही."

"मग दिल्लीत जागे राहा."

तो हसला. हनुवटीवर पेस्टचा फेस, आणि हसू मात्र असं लोभस, की मी गाडी मागे घेताना कुंडीच फोडणार होते. शाळेला उशीर झालाच.

त्याचं नाव हेरंब. नोएडाच्या कंपनीत इंजिनिअर. ऑफिसला मेट्रोने जायचा, त्यामुळे गाडी आठवडाभर तिथेच. पुढच्या दीड महिन्यात त्याने पाच वेळा तीच चूक केली! मी खालून ओरडायची, तो धापा टाकत उतरायचा आणि संध्याकाळी माफी मागायला घरी यायचा. कधी सांगलीचे बेदाणे घेऊन, कधी नुसताच.

"मुलगा जरा धांदरट आहे," आई म्हणाली, "पण वाकून नमस्कार करतो हं."

"आई, प्लीज!"

फेब्रुवारीत त्याच्या घरमालकाने सांगितलं की मुलगा लग्न करून परत येतोय, एकतीस मार्चला घर रिकामं करा. मग रविवारी आमची घरशोध मोहीम सुरू झाली. माझ्या गाडीतून, कारण इथले यू-टर्न त्याला झेपत नसत. समोरच्या इमारतीत जायला दोन किलोमीटर पुढे का जायचं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न – "शादीशुदा हो?" नाही म्हटलं की, "बैचलर को नहीं देते."

गाझियाबादच्या वसुंधरा वस्तीत एक घर मात्र फार सुंदर मिळालं. खिडकीबाहेरचं झाड लाल फुलांनी भरलेलं.

"सेमल," मी म्हटलं.

"काटेसावर," तो म्हणाला.

"अय्या, हा शब्द तर आमच्या घरात कुणालाच येत नाही."

"मी शिकवतो की... सावकाश." त्याने खाली पडलेलं एक फूल उचलून माझ्या हातात ठेवलं. हात जरा जास्त वेळ राहिला.

घरमालकीण खुराना आंटी आमच्याकडे बघून हसल्या. "बड़ी प्यारी जोड़ी है. शादी कब हुई?"

हेरंब माझ्याकडे बघत थांबला. आणि मी – मूर्ख, शहाणी, जे म्हणाल ते – घाबरून हसत म्हणाले, "नहीं नहीं आंटी, मैं तो बस ड्राइवर हूँ."

त्याचा चेहरा उतरला. आणि घरही गेलं.

परत येताना सिग्नलवर तो म्हणाला, "पुण्याच्या ऑफिसात जागा आहे. साहेब विचारताहेत... तू काय म्हणतेस?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. माझ्या अगदी ओठांवर 'जाऊ नकोस' आलं होतं. पण तोंड माझंच ना!

"मी काय म्हणणार? जा की. तिथे हँडब्रेक लावून शांत झोप तरी लागेल."

त्यानंतर त्याची गाडी रोज न्यूट्रलमध्ये असायची. एका हाताने ढकलली तरी सरकायची. इतकी कशी शहाणी झाली मेली, म्हणून मी रोज तिच्यावर चिडायची आणि स्टाफरूममध्ये उगाच डोळे पुसायची.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तो पुण्याला निघणार होता. आदल्या संध्याकाळी मी माझी गाडी त्याच्या गाडीमागे आडवी लावली. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक अगदी वरपर्यंत ओढला आणि किल्ली घेऊन वर आले.

सकाळी आठला मी बाल्कनीत उभी. हेरंबने ढकललं. गार्डने ढकललं. दोघांनी मिळून ढकललं.

"सर, हैंडब्रेक लगा है," गार्ड म्हणाला.

हेरंबने नंबर पाहिला. मग हळूच वर बघितलं. "केतकी...?"

"काय सकाळी सकाळी कटकट?" मी म्हटलं खरं, पण मला तिथे उभं राहवेना. मग मी होते तशीच चपला अडकवून खाली पळाले.

"चुकून राहिला?" त्याने विचारलं.

"नाही. मुद्दाम लावला. तू जाऊ नयेस म्हणून. मला तू आवडतोस, हेरंब. खूप आवडतोस. आणि हे मलाच सांगावं लागतंय, याचा मला भयंकर राग आलाय!"

तो कान लाल करून हसला. "मीसुद्धा फक्त पहिल्यांदा सवयीने लावला होता. पुढच्या पाचही वेळा मुद्दाम. तीन मजले धावत उतरायचो... तुझं ओरडणं ऐकायला."

"वेडा आहेस. आणि पुणं?"

"बदलीच्या कागदावर सही कुठे केलीय अजून? बॅगेतच आहे."

वरून आईचा आवाज आला, "सामान उतरवा आणि पोहे खायला या. गार होताहेत!"

पण मी आधी खुराना आंटींना फोन केला. स्पीकरवर लावला.

"आंटी, वो ऊपर वाला घर खाली है अभी?"

"है बेटा, पर मैंने बोला था ना, सिर्फ़ शादीशुदा को."

हेरंब फोनवर वाकला. "आंटी जी, शादी कर रहा हूँ."

"अच्छा! किससे?"

त्या दिवशीसारखाच तो माझ्याकडे बघत थांबला. या वेळी मी त्याचा हात घट्ट धरला.

"ड्राइवर से, आंटी."