पुढची पायरी

राजूरच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीत सुकन्या अंगणवाडीची मदतनीस होती. सकाळी खोली झाडायची, घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. दोनच्या सुमारास सेविका छबूबाई रजिस्टर मिटून घरी गेल्या की कुलूप लावायचं आणि किल्ली कनवटीला खोचायची. वय एकोणतीस. लग्न झालं तशी शाळा नववीतच सुटली होती. यंदा तिनं बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलं, कारण छबूबाई निवृत्तीला आल्या होत्या आणि सुपरवायझर मॅडम म्हणाल्या होत्या, "आधी दहावी तर हो. मग तुझं नाव पुढं करता येईल."

मराठी जमत होतं, इतिहास तोंडपाठ होत होता. घोडं अडलं ते बीजगणितात. बाजारच्या दिवशी ती राजूरला जाई तेव्हा तिथल्या शाळेतले रामहरी सर तिला अर्धा तास देत. त्यांनी तिला मागं नेऊन आठवीपासून सुरुवात करायला लावली. "सोपे रूप द्या" म्हणून वीस गणितं घरी करायला दिली. त्यातलं पहिलंच: वर एक्सचा वर्ग वजा नऊ, खाली एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा, मध्ये आडवी रेघ. सुकन्यानं वरचा एक्सचा वर्ग खालच्या एक्सच्या वर्गाबरोबर उडवला आणि उरलं ते लिहिलं. सरांनी लाल फुली मारली. वीसच्या वीस चूक.

"असं न्हाई उडवता येत, बाई," सर म्हणाले. पण का नाही, ते सांगेपर्यंत तिची जीप सुटायची वेळ झाली.

घरी निवांतपणा नव्हता. म्हणून पोरं गेल्यावर ती अंगणवाडीतच बसू लागली. त्या खोलीच्या भिंती निळ्या होत्या आणि जमिनीलगत दोन-अडीच फुटांचा काळा पट्टा होता, पोरांनी खडूनं रेघोट्या ओढाव्यात म्हणून. वही वाचवायला सुकन्या त्या पट्ट्यावर गणित मांडायची. एका आषाढी दुपारी तेच गणित तिनं मांडलं, तासभर बघत बसली आणि तसंच सोडून कुलूप लावून गेली.

सकाळी झाडू मारताना तिला खाली एक ओळ जास्त दिसली. अक्षर वाकडंतिकडं, गुडघ्याच्या उंचीवर, पोरानं लिहावं तसं.

वरचे अवयव पाड.

तिला वाटलं, छबूबाई. पण छबूबाई सातवी शिकलेल्या. "मला कुठलं येतंय गं ते," त्या हसल्या. "अन् किल्ली तर तुझ्याकडंच हाय ना?"

होती. दुसरी किल्लीच नव्हती. खिडकीला जाळी होती.

सुकन्यानं अवयव पाडले. एक्स वजा तीन, एक्स अधिक तीन. पुढं काय ते सुचेना, म्हणून तेवढंच लिहून गेली. दुसऱ्या दिवशी खाली होतं: आता खालचे. तिनं खालचे पाडले. तिसऱ्या दिवशी: बेरजेतलं काढू नको. गुणाकारातलंच काढ.

ती उकिडवी बसली आणि ते वाक्य वाचत राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक्स अधिक तीन वरही होता, खालीही होता, आणि दोन्हीकडं गुणाकारात होता. तेवढाच जाणार होता. वर्ग कुठंही जाणार नव्हता. इतक्या वर्षांत कुणी तिला एवढ्या धीरानं काही शिकवलं नव्हतं. उत्तर कधीच नाही, नेहमी फक्त पुढची एक पायरी. रिकाम्या खोलीत तिनं भिंतीला हात जोडले. डोळे भरून आले होते.

त्यानंतर ती वीसच्या वीस गणितं बरोबर करून सरांकडं घेऊन गेली. सरांनी वही दोनदा चाळली. "कोन शिकवतंय?"

"हाय एक जन," सुकन्या म्हणाली.

नवऱ्याला मात्र तिनं सांगितलं. बन्सी गवंडी होता, हाताला लागेल तेवढंच मानणारा. तो आला, कुलूप ओढून पाहिलं, जाळीचे खिळे तपासले, पत्र्यावर चढून आला. कुठं फट नव्हती. मग भिंतीसमोर उभं राहून त्यानं ताज्या ओळीवर बोट टेकवलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"पयली वळ कुठं हुती?"

तिनं गुडघ्याजवळ बोट दाखवलं. तोवर दसरा होऊन गेला होता. ताजी ओळ काळा पट्टा सोडून निळ्या भिंतीवर, सशाच्या चित्राच्या कानाजवळ होती. अक्षरही आता वळणदार झालं होतं.

बन्सीनं खिशातून टेप काढला. "मानूस लिहितो ते आपल्या डोळ्यासमोर लिहितो," तो म्हणाला. "लई वर न्हाई, लई खाली न्हाई. पोरगं असंल तं पोराच्या उंचीला." त्यानं मोजलं. पावणेचार फूट. टेपची पट्टी सर्रकन आत गेली. "वाढतंय, सुकन्या."

"वाढू दे," ती म्हणाली. "कुनाचं काय वाईट केलंय त्यानं?"

बन्सीनं टेप खिशात टाकला. त्या दिवसापासून तो रोज दुपारी कामावरून येऊन ओट्यावर बसू लागला. आत मात्र पाय ठेवीना.

नाताळच्या सुमारास ओळी सुकन्याच्या कपाळाशी आल्या. समीकरणं चालू होती तेव्हा. तिनं आता बोलायलाही सुरुवात केली होती. जाताना दारात थांबून म्हणायची, "आजचं न्हाई कळलं, उद्या जरा इस्कटून सांगा." आणि सकाळी दोनऐवजी चार ओळी असत. एकदा तिनं राजगिऱ्याचा लाडू भिंतीपाशी ठेवला. लाडू तसाच राहिला. पण लाडूखाली तिनं घडी करून ठेवलेला, अडलेल्या गणिताचा कागद कुणीतरी नीट उलगडला होता.

फेब्रुवारीत वाचायला तिला मान वर करावी लागे. मग खुर्ची घ्यावी लागली. बन्सीनं दारातूनच अंदाज केला. "साडेसात फूट," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

परीक्षेला आठ दिवस होते. दुपारचे तीन. ऊन दारातून आत आलं होतं. सुकन्या भिंतीकडं पाठ करून भांडी पुशीत होती. एक गणित अर्धं राहिलं होतं.

खडू घासल्याचा आवाज आला.

ती वळली नाही. हातातलं ताट हातातच राहिलं.

आवाज सावकाश होता. मध्येच थांबत होता, शिकवणारा विद्यार्थ्यासाठी थांबतो तसा.

खडूची भुकटी तिच्या खांद्यावर पडली.

वरून.

"कळतंय," सुकन्या म्हणाली. "सगळं कळतंय. लई उपकार झाले."

आवाज थांबला. ती वळली तेव्हा वर, पत्र्याखालच्या लोखंडी अँगलपाशी, दोनच शब्द होते: जमेल तुला.

ती भ्याली होती, ते खरं. पण परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर आडवी रेघ दिसली तेव्हा तिला भुकटी पडली तो खांदा ऊबदार वाटला. तिनं अवयव पाडले. गुणाकारातलंच काढलं.

निकाल लागला. गणितात एकसष्ट. रामहरी सरांनी राजूरच्या बाजारात सगळ्यांदेखत तिला पेढा भरवला. बन्सी गावभर सांगत सुटला. छबूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तुझा तो मास्तर कोन हाय, त्याला एकदा जेवायला बोलव."

त्या दुपारी सुकन्यानं खुर्चीवर चढून, हात पुरेल तिथं, स्वच्छ अक्षरात लिहिलं: आपल्यामुळे पास झाले. आपली ऋणी, सुकन्या. आणि कुलूप लावलं.

सकाळी भिंतीवर नवं काही नव्हतं. तिला चुटपुट लागली. निरोप घेतला असेल त्यांनी, असं मनाशी म्हणत तिनं झाडलं, पोरं आणली. छबूबाई मीटिंगला राजूरला गेल्या होत्या, म्हणून आज पोरांची प्रार्थना सुकन्यालाच घ्यायची होती. सतरा पोरं गोल करून उभी राहिली. तिनं हात जोडले. "डोळे मिटा."

एकानंही डोळे मिटले नाहीत.

सगळ्यांच्या माना वर होत्या. तिच्याकडं नाही, तिच्या मागं, पत्र्याकडं. कुणी रडत नव्हतं. पोरं ओळखीच्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"काय बघताय रे?"

पाच वर्षांची राजनंदिनी पुढं आली आणि तिचा पदर ओढून हळूच म्हणाली, "ताई, त्यांना बसायला सांगा ना. वाकून उभे हायेत. डोकं लागतंय वर."

सुकन्याला ते वर्ष आठवलं, एक एक पायरी. मागं न बघता ती कोपऱ्यात गेली, सतरंजी आणली, भिंतीपाशी अंथरली. पदर डोक्यावर घेतला.

"बसा," ती म्हणाली. आवाजात मान होता. "बसा, सर."

पोरांच्या नजरा हळूहळू खाली येऊ लागल्या. पत्र्यावरून अँगलवर. अँगलवरून खिडकीच्या वरच्या चौकटीवर. बराच वेळ लागला. मग सतरंजीची मुडपलेली कड सपाट झाली आणि नजरा थांबल्या.

सुकन्या उभी होती. नजरा तिच्या डोक्याच्या हातभर वर थांबल्या होत्या.