अनंताची शेवटची काडी

बायको गेली त्याच महिन्यात गटार दुरुस्त करणाऱ्यांनी तिचं अनंताचं झाड मुळासकट उपटून टाकलं. शिंपीकाकांच्या हाती जेमतेम एक फांदी लागली. माणूस गेलं ते गेलं, निदान झाड तरी राहू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यांनी पानं काढली, कात्रीने दोन्ही टोकं छाटली आणि काडी कुंडीत खोचली. कुंडी गॅलरीतल्या लोखंडी स्टँडवर ठेवली. पालवी काही फुटेना. काडी वाळली, काळी पडली, तरी काका पाणी घालतच राहिले. वेड्या आशेला कोण समजावणार?

एका दुपारी मुलगी डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. घरभर अनंताचा वास होता.

"बाबा, शेजारी कुणी अनंत लावलाय?"

"नाही गं. या गल्लीत कुणाकडेच नाही."

ती वासामागे गॅलरीत गेली. काडीशी वाकली आणि तिने कपाळावर हात मारला.

"अहो, उलटी लावलीत की! पालवी फुटायचे डोळे बघा, खाली तोंड करून आहेत. मुळाकडचं टोक तिरकं कापायचं, म्हणजे ओळखता येतं."

"शिंप्याचा हात... सरळच चालतो," काका ओशाळले.

ती हसली. मग हसू विरलं. "बाबा... वास मातीतून येतोय."

काकांनी बोटांनी माती उकरली. आत पांढरी फटक पानं होती, सगळी खाली वाढलेली. "जगली गं!" काका म्हणाले. पण फुलांच्या जागी नुसते देठ होते, ताजे खुडलेले, चिकाने ओले. एकच कळी उरली होती. कुंडीचा तळ शाबूत होता, स्टँडखाली मोकळी हवा.

"झाका ते... झाका आधी," मुलगी पुटपुटली.

काकांना भीती वाटली नाही. उलट बरंच वाटलं. बायकोच नेत असेल, दुसरं कोण? माती सारखी करताना ते हळूच म्हणाले, "एवढी एक माझ्यासाठी ठेव..."

सकाळी वास नव्हता. काकांनी माती बाजूला केली. कळी खुडलेली होती. देठाभोवतीच्या ओल्या मातीत खालून वर आलेल्या हाताच्या पंजाचा ठसा उमटला होता.

काकांनी ठशावर वीत धरून पाहिली. जन्मभर बायकोचे ब्लाउज त्यांनीच शिवले होते, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत तिचं माप त्यांना पाठ होतं. हा हात तिचा नव्हता.