खारट पार्सल

"ओलं आहे. पुन्हा ओलं आहे," असं म्हणत ओन्योकने पार्सलवरून बोट फिरवलं आणि ते सरळ तोंडात घातलं.

"शी, घाणेरडा कुठला," त्याची मोठी बहीण रुबिलिन म्हणाली. "उद्या ऑइल पिशील."

"खारट लागतंय," ओन्योक म्हणाला.

लाँच नुकतीच माल उतरवून पुढच्या बेटाकडे निघून गेली होती. धक्क्यावर तांदळाची पोती होती, कोंबड्यांचे पिंजरे होते आणि त्यांच्या बाजूला ते पार्सल होतं. दिसायला नुसता एक जुना टायर, पण त्याच्या पोटात जीपनीचा, म्हणजे माणसं आणि माल वाहणाऱ्या लांब जीपगाडीचा, गिअरबॉक्स. टायरभोवती ट्यूबच्या रबरी पट्ट्या करकचून आवळलेल्या होत्या. त्यांची मैत्रीण लिझेल उकिडवी बसून त्या पट्ट्यांच्या गाठी चाचपत होती. गाठी तिच्या वडिलांनी मारलेल्या होत्या.

तिचे वडील दूर सेबू शहरात, जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एका दुकानात पार्सलं बांधायचे. जड लोखंड लाकडी खोक्यातून पाठवलं की खोक्याचंही वजन भाड्यात लागतं. म्हणून त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली होती. टाकून दिलेला टायर घ्यायचा, आत नारळाची सोडणं ठासायची, मधे गिअरबॉक्स बसवायचा आणि वरून पट्ट्या आवळायच्या. गाडीतून पडलं तरी आतल्या मालाला ओरखडा येत नसे, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

आई हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळायची. लिझेल राहायची तिया लुसिंगकडे, म्हणजे आत्याकडे. वडील वर्षातून एकदा, ख्रिसमसला यायचे, आणि आता तर एप्रिलची सुट्टी चालू होती. बाकी मुलं सुट्टीत पोहायची, पतंग उडवायची. लिझेल मात्र लाँच यायच्या दिवशी न चुकता धक्क्यावर हजर. या पोरीला गाड्यांचं वेड आहे, असं लोकांना वाटायचं. तिनेही कधी खोडून काढलं नाही. वडिलांच्या हातचं या बेटावर जे काही यायचं ते एवढंच होतं, हे कुणाला कशाला सांगायचं?

पार्सल नांग पेत्रिंगच्या गॅरेजमध्ये गेलं. मुलंही मागोमाग गेली. नांग पेत्रिंग म्हणजे बेटावरच्या दोन्ही जीपनींची मालकीण. बाई मनाने चांगली होती, पण तिचा आवाज थेट टेकडीवरच्या चर्चपर्यंत ऐकू जायचा. तिने पट्ट्या कापल्या, सोडणं उपसली आणि आत वाकून पाहिलं. मग जे बोलली ते इथे छापण्यासारखं नाही. गिअरबॉक्सच्या कवचाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. याआधीचाही असाच तडकून आला होता. एक जीपनी कधीची विटांवर उभी होती आणि टेकडीवरची माणसं खोबऱ्याची पोती डोक्यावर घेऊन पायी उतरत होती.

तिने तिथूनच सेबूला फोन लावला आणि दुकानदाराला सोलून काढलं. दुकानदार म्हणाला, बदली माल एक लाँच सोडून त्याच्या पुढच्या लाँचने पाठवतो. तोही फुटला, तर बांधणाऱ्याला कामावरून काढतो आणि घरी धाडतो. हे सगळं अंगणात मोठ्याने ऐकू येत होतं.

घरी. लिझेलच्या डोक्यात तेवढा एकच शब्द राहिला. ताताय, तिचे वडील, घरी येणार. सकाळी उठावं तर तो ओट्यावर कॉफी पीत बसलेला असेल. तिला इतका आनंद झाला की हसू लपवायला तिने तोंड फिरवलं. आणि दुसऱ्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली, कारण ताताय येणार तो मान खाली घालून येणार होता. साधं बोचकं बांधता आलं नाही म्हणून हाकललेला माणूस, असंच सगळं बेट त्याला म्हणणार होतं.

"समुद्रात पडलं असेल का गं?" रुबिलिनने विचारलं. "खारट आहे म्हणजे समुद्राचंच पाणी."

"पडलं असतं तर बुडालं असतं. लोखंड आहे ते," ओन्योक म्हणाला. "तुझं डोकं नाही तरंगायला."

लिझेलने टायरची बाहेरची बाजू पाहिली. तिथे हिरवं शेवाळ घासलेलं होतं. असं शेवाळ फक्त धक्क्याच्या खांबांवर होतं. पण पार्सल खांबापाशी जाईलच कसं? ते तर लाँचच्या डेकवर ताडपत्रीखाली असायचं.

हे बघायचं तर समुद्राकडूनच बघायला हवं होतं. पुढच्या लाँचला ओन्योकने वडिलांची छोटी होडी मागून घेतली, मासे पकडायला म्हणून. लाँच खडकाच्या मागून वळली आणि खलाशांची धावपळ सुरू झाली. लाँच धक्क्यावर आपटू नये म्हणून बाजूला जुने टायर लटकवतात, तसे ते लटकवत होते. त्यात काय बघायचं? सगळ्याच लाँचना टायर लटकलेले असतात. पण तेवढ्यात एका खलाशाने ताडपत्री उचलली, खालून एक टायर गडगडत आणला, दोरी ओवली आणि सोडला बाजूला. त्या टायरला रबरी पट्ट्या होत्या.

पुढे काय झालं ते तिघांनी डोळ्यांनी पाहिलं. लाँच धक्क्याला टेकली आणि तिचा सगळा भार त्या पार्सलवर पडला. लाटेबरोबर वर-खाली, वर-खाली, शेवाळी खांबाला घासत. मग दोर बांधून झाले, पार्सल वर ओढलं आणि गुपचूप ताडपत्रीखाली ढकललं. ते पुढच्या बेटावरच्या कुणा बिचाऱ्याचं होतं.

तिघं धावत नांग पेत्रिंगकडे गेली. तिने ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. वडिलांची बाजू घेतेस ते कळतं मला, असं ती लिझेलला बऱ्यापैकी मायेने म्हणाली, आणि तेच लिझेलला जास्त लागलं. लाँचचा तांडेल, नोंग कार्डिंग, तर उलट त्यांच्याच अंगावर आला. वीस वर्षं लाँच हाकतोय मी, आता शेंबडी पोरं मला शिकवणार! पुरावा कुठाय? पुरावा ताडपत्रीखाली निमूट बसला होता.

"रंग," लिझेल म्हणाली. "पार्सलवर तातायने मोठ्ठ्या पांढऱ्या अक्षरांत नांग पेत्रिंगचं नाव लिहायचं."

"आणि आतला गिअरबॉक्स फुटला मग?" रुबिलिनने विचारलं.

"टायरमध्ये भंगार भरायचं. खरा माल पोत्यात, सोडणांमध्ये."

ओन्योकने तिच्याकडे आदराने पाहिलं. तो असं क्वचितच बघायचा.

पण फोन लिझेललाच करायचा होता. आत्याचा मोबाइल घेऊन ती मागच्या केळींमध्ये जाऊन बसली आणि नुसती बसून राहिली. फोन नाही केला, तर काय होईल? काहीच नाही. माल फुटेल आणि ताताय येईल. कुणाला कळणारही नाही. तिला रडू आलं, कारण तिला तो खरंच हवा होता. मग नाक पुसून तिने नंबर लावला.

पलीकडे लोखंडाचा खणखणाट चालू होता. तिने सगळं सांगितलं. वडिलांनी एकही शंका काढली नाही. "मग माझी गाठ सुटली नव्हती तर," एवढंच ते म्हणाले. त्यांचा आवाज असा मोकळा झाला होता की रंग पांढराच हवा, हे सांगायचं ती विसरलीच आणि तिला पुन्हा फोन करावा लागला.

बदली माल घेऊन लाँच आली त्या दिवशी नांग पेत्रिंग स्वतः धक्क्यावर उभी होती. माल ताब्यात घेण्याआधी तिथेच उघडून बघायचा तिने चंग बांधला होता. मुलांना वेगळं काही करावं लागलं नाही. लाँच आडवी होत जवळ आली. तिच्या कुशीला टायर लटकत होते, काळे, काळे, काळे, आणि मधे एकावर हातभर पांढरी अक्षरं: पेत्रिंग.

"ते काय आहे?" नांग पेत्रिंग म्हणाली.

"तुम्ही आहात," ओन्योक म्हणाला.

लाँच टेकली. टायर कचकन दबला, आत काहीतरी कडकडलं, आणि नांग पेत्रिंगने अशी किंकाळी फोडली की पिंजऱ्यातल्या कोंबड्या फडफडल्या. लिझेलने तिचा हात धरला. आत भंगार आहे, खरा गिअरबॉक्स पोत्यात आहे, हे तिला तीनदा सांगावं लागलं.

नोंग कार्डिंगला आता ताडपत्री पुरणार नव्हती. तरी त्याने बाजू मांडून बघितली. जुने टायर फाटलेत, हलका टायर लाटेवर उडतो, हा जड असल्यामुळे जागचा हलत नाही. "आणि पार्सल हरवलं का कधी एक तरी? प्रत्येक वेळी ज्याचं त्याला पोचवलं की!"

"कार्डिंग," नांग पेत्रिंग म्हणाली, "पुढच्या वेळी तुलाच लटकवते. तूही जागचा हलत नाहीस."

धक्का हसून हसून बेजार झाला. पोतं उघडलं, तर गिअरबॉक्स धडधाकट. दोन्ही फुटलेल्यांची भरपाई तांडेलाने सगळ्यांसमोर कबूल केली. नांग पेत्रिंगने लगेच दुकानदाराला फोन लावला आणि तितक्याच मोठ्या आवाजात सांगितलं, की असा बांधणारा सेबूत शोधून सापडणार नाही, त्याला जपून ठेव. मग तिने फोन लिझेलच्या हातात दिला. दुकानदाराने पलीकडे वडिलांना बोलावलं होतं.

ते भराभर बोलत होते. मालक खूश आहे, सगळ्या बेटांची पार्सलं आता त्यांच्याकडेच दिली आहेत, हाताखाली माणूसही मिळणार. मग जरा थांबून म्हणाले, "त्याने काढलं असतं, तर मी घरी आलो असतो."

"माहीत होतं," लिझेल म्हणाली.

ते फोन घेऊन दुकानाबाहेर आले, खणखणाट मागे राहिला.

"तरी फोन केलास?"

"हो, ताताय."

ख्रिसमसला नक्की येतो, असं ते शेवटी म्हणाले, आणि मनात उरलेले महिने मोजत तिने बरं म्हटलं. तिने फोन परत दिला. नांग पेत्रिंगने तिला खांद्याला धरून सगळ्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, की ही पोर नसती तर एका भल्या माणसाची नोकरी आपण घालवली असती, माझ्यासकट सगळ्यांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने डोळे पुसले. ओन्योक सगळ्यांना सांगत सुटला, की आधी चाटून मीच बघितलं होतं.

लिझेलही हसली, कारण सगळे तिच्याकडेच बघत होते.