दोन माणसांचा ब्रेक

दिवा राहू दे, विझवलात म्हणून गोष्ट काही जास्त खरी होत नाही. आणि पुतणेबुवा, मगाशी काय म्हणालात? गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हापासून वळताना आवाज येतो, पण ‘चालतंय’? आधी किल्ली इकडे आण. आण म्हणतो ना! हं. आता ऐका.

माझा एक मित्र आहे, गाड्यांचा मिस्त्री. डोकं तापट, पण हातात कसब. त्याचा मेहुणा त्याच्याच हाताखाली होता. मिस्त्री गाडीखाली झोपायचा आणि मेहुणा वर बसून स्टिअरिंग हलवायचा, वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे. म्हणजे कुठला सांधा ढिला आहे ते खालच्याच्या बोटांना कळतं. पण त्याआधी हा पठ्ठ्या हँडब्रेक दोन्ही हातांनी असा ओढायचा, की सोडवायला दोन माणसं लागायची. गिऱ्हाइकं शिव्या घालायची. हा म्हणायचा, "खाली दाजी झोपलेत. काही झालं तर ताईला तोंड कोण दाखवणार?"

एकदा मेहुण्याचीच गाडी खड्ड्यात आपटली. आवाज यायला लागला. मिस्त्री न बघताच म्हणाला, "काही होत नाही रे, रविवारी बघू." शनिवारी मोठ्या उतारावर स्टिअरिंग सुटलं. मेहुणा गेला. मिस्त्रीच्या बायकोने, म्हणजे मेहुण्याच्या ताईने, त्याला दोष दिला नाही, तेच मिस्त्रीला जास्त लागलं.

मेहुणा जाऊन दीड वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. सतरा जानेवारी, शनिवार, रात्री पावणेनऊ. शाळेतले मास्तर गाडी घेऊन आले. खड्डा लागलेला, वळताना तसाच आवाज. लेक अकराच्या रेल्वेने येणार होती, तिला आणायला तोच उतार उतरायचा होता.

"आज जाऊ द्या, उद्या बघा," मास्तर म्हणाले.

"दोष सापडल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही," मिस्त्री म्हणाला. "घाई असेल तर पायी जा."

पुढची चाकं तिरक्या रॅम्पवर चढवली. मिस्त्री खाली, मास्तर सीटवर. पण मास्तर स्टिअरिंग असं ओढत होते, जसं काही विहिरीतून पाणी शेंदतायत. मिस्त्रीच्या बोटांना काही कळेना.

मग एकदम नीट हलायला लागलं. वीतभर डावीकडे... वीतभर उजवीकडे...

"वा मास्तर! जमलं की!"



तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला. रस्त्यावरून. लेकीशी फोनवर बोलत होते.

मिस्त्री गार पडला. स्टिअरिंग हलतच होतं. वीतभर... वीतभर...

थांबलं.

वर हँडब्रेक वाजला. कर्र...

ओढला की सोडला? भीतीने कान बधिर झालेले, काय कळणार? सुटला तर गाडी सरळ अंगावर. मी असतो तर पळालो असतो, खोटं कशाला बोलू? पण गडी जागचा हलला नाही. उलट ओरडला, "तूच आहेस ना? चूक माझीच होती! घ्यायचा तर घे जीव! पण ही गाडी मी तशी सोडणार नाही. फिरव!"

...

"फिरव म्हणतो ना!"

...

स्टिअरिंग फिरलं.

कट्ट. बरोबर बोटाखाली. डाव्या चाकाचा सांधा. पार खिळखिळा. उतारावर निसटलाच असता.

मिस्त्री बाहेर आला. सीट रिकामी. त्याने मास्तरांना काही सांगितलं नाही, गुपचूप नवा सांधा बसवला. साडेदहाला मास्तर निघायला बसले आणि अडले.

"अहो मिस्त्री, हा ब्रेक कोणी ओढलाय एवढा? सुटतच नाहीये!"

मिस्त्रीने हात घातला. मग दुसरा हात घातला. आणि तिथेच, गाडीच्या दारात उभा राहून, लहान पोरासारखा रडला.

शेवटी तो ब्रेक दोघांनी मिळून सोडवला.